पेलेआर: भांडणे, लढणे की अबोला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई दीड वर्षापासून स्पॅनिश शिकत आहेत आणि कामानिमित्त त्यांचा मेक्सिकोतील एका सहकाऱ्याशी पत्रव्यवहार असतो. एका पत्रात त्यांनी "आयेर मे पेलेए कोन मि हेफे" असे लिहिले. बैठकीत एका मुद्द्यावर साहेबांशी वाद झाला, एवढेच त्यांना सांगायचे होते. सहकाऱ्याचे उत्तर मात्र काळजीचे आले: आता तुमचे एकमेकांशी बोलणे आहे का, आणि नोकरीवर काही परिणाम तर होणार नाही ना? कोशात पेलेआर या क्रियापदाला लढणे आणि भांडणे असे दोन्ही अर्थ दिलेले असताना चूक नेमकी कुठे झाली, क्रियापदाला "से" हे सर्वनाम ("मी" साठी त्याचेच रूप "मे") जोडल्याने काय बदलते, आणि दिस्कुतिर, रेन्यिर व लुचार ही जवळची क्रियापदे कुठे वापरावीत, असे त्यांनी विचारले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ताई, तुमचे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने पूर्णपणे बरोबर आहे. ते तुमच्या मनातल्या प्रसंगापेक्षा बरेच जड झाले, इतकेच. "मे पेलेए कोन मि हेफे" हे वाचणाऱ्याला "साहेबांशी माझे भांडण झाले" असे दिसते, आणि पुढे "आमचे बिनसले आहे" हेही त्यात सहज ऐकू येते. तुम्हाला हवे होते ते "वाद झाला". या दोहोंमधले अंतर मराठी माणसाला कानाने कळते. ते तुमच्याकडून निसटले, कारण तुम्ही स्पॅनिश शब्दाकडे इंग्रजी कोशातून गेलात. त्या कोशात एकच शब्द रणांगणालाही लागतो, नवराबायकोच्या कुरबुरीलाही लागतो आणि आजाराशी झुंजण्यालाही लागतो. मराठीत मात्र भांडणे, लढणे, झगडणे, वाद घालणे, बिनसणे, रागावणे हे सगळे वेगळे आहेत. बावीस वर्षे स्पॅनिश शिकवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की या एका क्रियापदापुरते तरी विद्यार्थ्याने इंग्रजी कोश बाजूला ठेवावा आणि स्पॅनिश वाक्यापुढे थेट मराठी वाक्य ठेवून पाहावे.

पेलेआर या शब्दाचा उगम समजला की पुढचे बरेच सोपे होते. माद्रिदची रेआल आकादेमिया एस्पान्योला ही संस्था 1713 मध्ये स्थापन झाली आणि तिचा कोश आजही प्रमाण मानला जातो. त्या कोशात पेलेआरची व्युत्पत्ती "पेलो" म्हणजे केस या शब्दापासून दिलेली आहे. एकमेकांचे केस धरून केलेली मारामारी हा त्यामागचा मूळ अर्थ. आपल्याकडे दोघी कडाकडा भांडल्या की "एकमेकींच्या झिंज्या उपटल्या" असे म्हणतात, तेच चित्र या क्रियापदाच्या पोटात आहे. म्हणून पेलेआरला सुरुवातीपासून अंगाला अंग भिडण्याचा, समोरच्याला हाताच्या अंतरावर गाठण्याचा वास आहे. पुढे ते शस्त्रांच्या लढाईला लागले, शब्दांच्या भांडणाला लागले आणि हक्कांसाठी झगडण्यालाही लागले, तरी त्यातली जवळीक आणि ऊब गेलेली नाही. एखाद्या मुद्द्यावर दोन माणसे शांतपणे असहमत झाली, तर तिथे पेलेआर बसत नाही.

आता "से" कडे वळू, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. दोन वाक्ये शेजारी ठेवा. "लोस सोल्दादोस पेलेआन" म्हणजे सैनिक लढत आहेत. शत्रू समोर आहे आणि ते आपले काम करत आहेत. "लोस सोल्दादोस से पेलेआन" म्हटले की चित्र पालटते. आता हे सैनिक आपापसात भांडत आहेत, कदाचित जेवणाच्या रांगेत, कदाचित पत्त्यांच्या डावावरून. एका छोट्या "से" ने युद्ध छावणीतल्या धुसफुशीवर आणून ठेवले. पेलेआर्से हे रूप भांडण परस्परांमधले आणि वैयक्तिक करते. आपली "आपापसात" आणि "एकमेकांशी" ही पदे जे काम करतात, ते इथे "से" करतो. म्हणूनच मुलांच्या भांडणाला स्पेनमध्ये जवळजवळ नेहमी पेलेआर्से येते: "लोस निन्योस से पेलेआन पोर एल बालोन", म्हणजे मुले चेंडूवरून भांडत आहेत. इथला "पोर" आपल्या "वरून" किंवा "साठी" च्या जागी आहे.

पण "से" चे काम एवढ्यावर थांबत नाही, आणि पाठ्यपुस्तकांत या पुढच्या भागाला पुरेशी जागा मिळत नाही अशी माझी जुनी तक्रार आहे. पेलेआर्सेला आणखी एक अर्थ आहे: संबंध तुटणे, वितुष्ट येणे. "आना से पेलेओ कोन सु एर्माना" या वाक्याचा अर्थ आना काल बहिणीशी भांडली असा असू शकतो, आणि आनाचे बहिणीशी फाटले, असाही असू शकतो. दुसऱ्या अर्थात भांडणाचा क्षण महत्त्वाचा नसतो; भांडणानंतरची अवस्था महत्त्वाची असते. ही अवस्था स्वच्छपणे सांगायची असेल तर स्पॅनिशमध्ये "एस्तार", म्हणजे एखाद्या स्थितीत असणे, आणि धातुसाधित विशेषण वापरतात: "आना एस्ता पेलेआदा कोन सु एर्माना". मराठीत याला कितीतरी सुंदर पर्याय आहेत. मोठ्या माणसांसाठी "त्यांचे बिनसले आहे", "त्यांच्यात अबोला आहे", "दोघींचे वाकडे आहे"; लहान मुलांसाठी एकच शब्द पुरतो, "कट्टी". दोन पोरे "एस्तान पेलेआदोस" असली तर ती कट्टी आहेत, आणि त्यांनी "आसेर लास पासेस" केले की बट्टी झाली. हे विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलते (पेलेआदो, पेलेआदा, पेलेआदोस, पेलेआदास) आणि त्याच्या आधी "सेर", म्हणजे मुळातच तसे असणे, हे क्रियापद कधी येत नाही, कारण अबोला ही माणसाची जात नसून त्याची आजची स्थिती आहे. तुमच्या मेक्सिकन सहकाऱ्याने बोलणे आहे की नाही असे विचारले, ते याच अर्थामुळे. त्याने तुमचे वाक्य चुकीचे वाचलेले नाही.

इथे प्रदेशाचा फरकही सांगायला हवा. स्पेनमध्ये वैयक्तिक भांडणाला "से" बहुधा लागतोच. लॅटिन अमेरिकेत अनेक ठिकाणी "से" शिवायही तेच म्हणतात: "मिस पापास पेलेआन मुचो", माझे आईवडील फार भांडतात. हे ऐकून कुणी रणांगणाची कल्पना करत नाही, कारण कर्ता कोण आहे यावरून अर्थ ठरून जातो. आर्जेन्तिनात तर पेलेआर थेट माणसाला कर्म म्हणून घेते. "मे एस्ता पेलेआन्दो" म्हणजे तो माझी खोडी काढतो आहे, मला मुद्दाम चिडवतो आहे. तिथेच "पेलेआर्ला" असाही प्रयोग ऐकू येतो, त्यातला "ला" कशाचाही निर्देश करत नाही. परिस्थिती कठीण असताना नेटाने टिकून राहणे एवढाच त्याचा अर्थ. दिवस कसे चालले आहेत असे विचारल्यावर एखादा दुकानदार "आकी, पेलेआन्दोला" असे म्हणतो, तेव्हा त्याचे कुणाशीही भांडण नसते. आपला माणूस "चाललंय, झगडतोय" म्हणतो, तसेच ते आहे.

शब्दयोगी अव्ययांत विद्यार्थी सर्वांत जास्त "कोन" पाशी अडखळतात. "कोन" चा पहिला अर्थ "सह, बरोबर" असा आहे. मग "पेलेआर कोन" म्हणजे कुणाच्या विरुद्ध लढणे की कुणाच्या बाजूने लढणे? उत्तर असे की दोन्ही. मी वर्गात यासाठी होसे दे सान मार्तिन यांचे उदाहरण देते. आजच्या आर्जेन्तिनातील यापेयु येथे 1778 मध्ये जन्मलेला हा सेनानी लहानपणी स्पेनला गेला, स्पॅनिश सैन्यात दाखल झाला आणि 1808 मध्ये बाइलेनच्या लढाईत नेपोलियनच्या फौजेविरुद्ध स्पेनच्या बाजूने लढला. मग 1812 मध्ये तो ब्वेनोस आइरेसला परतला आणि 3 फेब्रुवारी 1813 रोजी सान लोरेन्सो येथे त्याने स्पेनच्याच राजनिष्ठ सैनिकांना हरवले. "सान मार्तिन पेलेओ कोन लोस एस्पान्योलेस" हे वाक्य त्यामुळे दोन्ही अर्थांनी खरे आहे: तो स्पॅनिशांबरोबर लढला आणि स्पॅनिशांशी लढला. मराठीने "बरोबर" आणि "शी" वेगळे ठेवल्यामुळे आपण या गोंधळातून वाचतो. स्पॅनिश लेखकाला संदिग्धता टाळायची असेल तर तो "कोन्त्रा" वापरतो, ज्याचा अर्थ विरुद्ध, किंवा "हुन्तो आ", ज्याचा अर्थ सोबतीने. ऐतिहासिक किंवा राजकीय मजकूर भाषांतरित करताना "पेलेआर कोन" दिसले की मी थांबते आणि आधी कोण कुणाच्या बाजूला होते ते तपासते. "से" आला की मात्र शंका उरत नाही. "पेलेआर्से कोन" म्हणजे नेहमीच त्या माणसाशी भांडणे.

भांडण तोंडी होते की हातांचे, हे पेलेआर स्वतःहून सांगत नाही. "से पेलेआरोन एन एल बार" एवढ्यावरून खुर्च्या फेकल्या गेल्या की फक्त आवाज चढले, ते कळत नाही. सांगायचे असेल तर जोड द्यावी लागते: "आ ग्रितोस" म्हणजे ओरडून, "आ पुन्येतासोस" म्हणजे गुद्द्यांनी. प्रकरण शब्दांवरून हातांवर गेले यासाठी स्पॅनिशमध्ये "येगार आ लास मानोस" असा वाक्प्रचार आहे, शब्दशः हातांपर्यंत पोहोचणे. त्याला "हातघाईवर येणे" याहून नेमका मराठी प्रतिशब्द शोधूनही सापडणार नाही, आणि त्याच्या आधीच्या पायरीला आपल्याकडे "हमरीतुमरी" आहेच. असे जोड सापडले की मला आजही मनापासून आनंद होतो. "बुस्कार पेलेआ" म्हणजे भांडण उकरून काढणे. "दोस नो से पेलेआन सि उनो नो किएरे", एकाची इच्छा नसेल तर दोघे भांडत नाहीत, ही म्हण आपल्या "एका हाताने टाळी वाजत नाही" च्या जागी अगदी चपखल बसते.

आता तुमच्या मूळ प्रसंगाला लागणारे क्रियापद: दिस्कुतिर. हे इंग्रजीतील चर्चेच्या शब्दासारखे दिसते आणि तिथेच फसवते. "दिस्कुतिर उन तेमा", म्हणजे एखाद्या विषयावर चर्चा करणे, हा अर्थ आहेच. पण पुढे माणूस आला, "दिस्कुतिर कोन आल्गिएन" झाले, की बहुतेक वेळा तो वाद असतो, आणि तोही थोडा तापलेला. मी दुभाषी म्हणून काम सुरू केले त्या पहिल्या वर्षी एका स्पॅनिश अभियंत्याने बैठकीत सांगितले की त्याने माल पुरवणाऱ्याशी "दिस्कुतिदो" केले आहे. मी त्याचे मराठीत "चर्चा केली आहे" असे केले. समोरचे अधिकारी समाधानाने पुढच्या विषयाकडे वळले. प्रत्यक्षात त्या दोघांचा कडाक्याचा वाद झाला होता आणि पुरवठा थांबण्याच्या बेतात होता. दोन दिवसांनी ते उघड झाले. चूक सर्वस्वी माझी होती, आणि तेव्हापासून "दिस्कुतिर कोन" ऐकताच माझ्या डोक्यात "वाद" हाच शब्द आधी उमटतो. दिस्कुसिओन या नामाचेही तसेच आहे. "तुबिमोस उना दिस्कुसिओन" म्हणजे आमच्यात वाद झाला.

रेन्यिर हे क्रियापद स्पेनमध्ये अधिक ऐकू येते. लॅटिन अमेरिकेत ते पुस्तकी वाटते. त्याचे मूळ लॅटिनमध्ये, दात दाखवून गुरगुरण्याच्या अर्थात आहे. त्याच्या पुढे काय येते यावर सगळे अवलंबून आहे. "रेन्यिर कोन" म्हणजे कुणाशी भांडणे. "रेन्यिर आ" म्हणजे कुणावर रागावणे, ओरडणे. "मि माद्रे मे रिन्यो" याचे भाषांतर "आई माझ्याशी भांडली" असे करणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. मराठी आई मुलाशी भांडत नाही, ती त्याच्यावर रागावते, आणि स्पॅनिश आईही तेच करते आहे. याच रागावण्याला दोन्ही खंडांत "रेगान्यार" चालते, तर आर्जेन्तिना, उरुग्वाय आणि चिले येथे "रेतार" म्हणतात. स्पेनमध्ये मात्र रेतारचा अर्थ आव्हान देणे असा आहे, त्यामुळे ब्वेनोस आइरेसच्या मुलाने "मे रेतो मि मामा" म्हटले तर त्याच्या आईने त्याला द्वंद्वाला बोलावलेले नाही हे लक्षात ठेवावे. रेन्यिरचे "रेन्यिदो" हे विशेषण फार उपयोगी आहे. "उन पार्तिदो मुय रेन्यिदो" म्हणजे अटीतटीचा सामना. "एस्तार रेन्यिदो कोन" म्हणजे दोन गोष्टींचे एकमेकींशी वाकडे असणे, एकीबरोबर दुसरी न नांदणे.

लुचारबद्दल थोडक्यात सांगते. ते लॅटिन "लुक्तारि", म्हणजे कुस्ती खेळणे, यातून आले. कुस्तीचा अर्थ आजही जिवंत आहे: कॅनरी बेटांवरची पारंपरिक कुस्ती "लुचा कानारिया" म्हणून ओळखली जाते, आणि मेक्सिकोची मुखवटेधारी मल्लांची "लुचा लिब्रे" 1933 मध्ये साल्बादोर लुत्तेरोत यांनी कंपनी काढल्यापासून तिथल्या लोकजीवनाचा भाग झाली आहे. पण रोजच्या लिखाणात लुचार म्हणजे दीर्घकाळ चालणारा लढा, मोठ्या हेतूसाठी किंवा मोठ्या संकटाविरुद्ध दिलेला: गरिबीविरुद्ध, आजाराविरुद्ध, हक्कांसाठी. तिथे पेलेआरही चालते, पण ते अधिक घरगुती आणि आवेशाचे वाटते. वडिलोपार्जित घरासाठी किंवा पगारवाढीसाठी माणूस "पेलेआ" करतो. स्वातंत्र्यासाठी तो "लुचा" करतो. पेलेआर कधी थेट कर्मही घेते, उदाहरणार्थ "पेलेआर ला कुस्तोदिआ", मुलांच्या ताब्यासाठी न्यायालयात लढणे. मुष्टियुद्धाच्या लढतीला लॅटिन अमेरिकेत "पेलेआ" आणि स्पेनमध्ये "कोम्बाते" म्हणतात, हे क्रीडावृत्त वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

गोव्यातील ज्या विद्यार्थ्यांच्या घरात पोर्तुगीजची थोडी ओळख आहे, त्यांना एक सूचना. पोर्तुगीजमध्ये भांडण्यासाठी "ब्रिगार" हा रोजचा शब्द आहे. त्याच्यासारखा दिसणारा स्पॅनिश "ब्रेगार" म्हणजे राबणे, कष्ट उपसणे. पोर्तुगीजच्या भरवशावर स्पॅनिशमध्ये भांडायला जाऊ नये.

रूपांकडे शेवटी वळते, कारण इथली एक चूक लेखी परीक्षेत गुण घालवते. पेलेआर नियमित आहे: पेलेओ, पेलेआस, पेलेआ, पेलेआमोस, पेलेआन. यातल्या पहिल्या रूपात, "मी भांडतो" याच्या पेलेओमध्ये, "ओ" वर आघात नसतो, तर साध्या भूतकाळात "तो भांडला" याच्या पेलेओमध्ये शेवटच्या "ओ" वर आघात येतो आणि तसे चिन्हही द्यावे लागते. देवनागरीत दोन्ही सारखी दिसतात, म्हणून ती मोठ्याने म्हणूनच पाठ करावीत. "मी भांडले" यासाठी पेलेए, ज्यात दोन "ए" लागोपाठ येतात आणि दुसऱ्यावर आघातचिन्ह असते. घाईत एक "ए" गाळला की "पेले" उरते, आणि ते "पेलार", म्हणजे सोलणे, या निराळ्याच क्रियापदाचे रूप आहे. गंमत नव्हे, पण पेलारही केसांशीच नाते सांगते, कारण केस काढणे हा त्याचा मूळ अर्थ. स्पेनमध्ये "मे पेले" म्हणजे मी केस कापून घेतले. तुमच्या पत्रात एक "ए" कमी असता तर सहकाऱ्याला काळजी वाटली नसती, पण काहीच कळले नसते. उच्चारताना पे, ले आणि आर हे तीन अवयव वेगळे म्हणावेत. लॅटिन अमेरिकेत बोलताना पुष्कळ लोक "पेल्यार" असे दोनच अवयव करतात. ते ऐकून ओळखावे, पण औपचारिक प्रसंगी स्वतः करू नये. नकारार्थी आज्ञेत स्पेनमधली आई मुलांना "नो ओस पेलेएइस" म्हणते आणि लॅटिन अमेरिकेतली "नो से पेलेएन".

तुमच्या वाक्याचे आता काय करायचे ते सांगते. बैठकीत आवाज थोडा चढला होता, पण संबंध ठीक आहेत, असे असेल तर "आयेर दिस्कुति कोन मि हेफे" लिहा. आवाजही चढला नव्हता, नुसते मत जुळले नाही, तर "आयेर मि हेफे इ यो नो एस्तुबिमोस दे आकुएर्दो" हे अधिक नेमके आणि कार्यालयीन पत्रात अधिक शोभणारे आहे. आणि आधीच्या पत्राने सहकाऱ्याच्या मनात जी शंका निर्माण केली ती दूर करण्यासाठी एक छोटी ओळ पुरेशी आहे: "नो एस्तामोस पेलेआदोस, फुए सोलो उना दिस्कुसिओन", आमचे बिनसलेले नाही, नुसता वाद झाला होता.